धोरण तपासायला शिकण्याचं वय

सार्वजनिक धोरणाचं विश्लेषण पदवीच्या वर्गात शिकवावं का, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन मुद्द्यांवर येऊन विझतो. एक बाजू म्हणते, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना राज्यकारभारातलं काय कळणार? आधी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र यांतलं काहीतरी एक धड शिका, चार वर्षं कुठेतरी काम करा आणि मग धोरणाच्या वाटेला या. दुसरी बाजू म्हणते, काळ बदलला आहे, सरकारांपासून सामाजिक संस्थांपर्यंत सगळ्यांना आकडेवारी हाताळणारी तरुण माणसं हवी आहेत, तेव्हा या पदवीला भवितव्य आहे. पहिली बाजू वय पाहते, दुसरी पगार. या विषयात नेमकं काय शिकायचं असतं, ते शिकल्यावर माणसाच्या विचारात काय फरक पडतो आणि त्या फरकाचा समाजाला उपयोग काय, याची चर्चा दोन्ही बाजू टाळतात. वाद विषयाचा आणि विषयच वादात येत नाही, हे मला खटकतं.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. धोरण-विश्लेषण पदवीला शिकवलंच पाहिजे. मंत्र्याला सल्ला देणारा एकवीस वर्षांचा तज्ज्ञ त्यातून घडावा अशी माझी अपेक्षा नाही, आणि जे तशी आशा दाखवतात ते विद्यार्थ्यांना फसवतात. धोरणाबद्दलचा कुठलाही दावा समोर आला की त्याला चार-पाच नेमके प्रश्न विचारता यावेत, यासाठी तो हवा. ज्याला अडचण म्हणताय ती खरी अडचण आहे का, की दुसऱ्याच दुखण्याचं लक्षण? हा उपाय चांगला, पण कशाच्या तुलनेत? पैसा कुणाच्या खिशातून जाणार आणि लाभ कुणाच्या पदरात पडणार? कागदावरचा नियम शेवटच्या खिडकीमागे बसलेला कारकून कसा राबवणार? आणि नियम बदलल्यावर लोक आपलं वागणं कसं बदलणार? वाचताना हे प्रश्न सोपे वाटतात. आपल्याला मनापासून आवडलेल्या योजनेला तेच प्रश्न विचारायची वेळ आली की मात्र बहुतेक जण गप्प बसतात. ही सवय आपोआप लागत नाही, लावून घ्यावी लागते. आणि जी सवय अभियंत्याला, डॉक्टरला, शिक्षकाला, पत्रकाराला, कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला सारखीच लागणार आहे, ती पदव्युत्तर वर्गात पोचणाऱ्या मूठभरांपुरती ठेवायची कशासाठी?

हा विषय पदव्युत्तरच असतो, अशी समजूत आहे. तिचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९६१ साली रॉबर्ट मॅकनमारा संरक्षणमंत्री झाले आणि त्यांनी खात्याचा अर्थसंकल्प उद्दिष्टं, पर्याय आणि खर्च यांच्या हिशेबात मांडायची पद्धत आणली. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तीच पद्धत इतर केंद्रीय खात्यांना लागू केली. खात्यांना एकाएकी विश्लेषकांची गरज भासू लागली, आणि त्याच वातावरणात, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, बर्कली, मिशिगन, हार्वर्ड या विद्यापीठांत धोरण शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे राहिले. म्हणजे विषयाची पातळी ठरवण्यात मोठा वाटा होता तो नोकरी देणाऱ्याच्या गरजेचा. लगेच कामाला जुंपता येतील अशी माणसं हवी होती, म्हणून वर्ग पंचविशीतल्यांचे झाले. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारी पदवी त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, सुरू झाली होती. कित्येक देशांत वैद्यक आणि कायदा हे माणसाच्या जिवाशी आणि स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेले विषय अठराव्या वर्षी सुरू होतात; तिथे ‘आधी आयुष्य पाहू द्या’ असं कुणी म्हणत नाही. फरक एवढाच, की डॉक्टरला पदवी हाती पडण्याआधी वा नंतर देखरेखीखाली काम करावं लागतं आणि वकिलाला ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी. उमेदवारीची ती सोय धोरणाच्या पदवीतही हवी. पण ती मागणी वेगळी आणि विषयालाच दार बंद करणं वेगळं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. विशी नुकतीच ओलांडलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी हाताशी धरलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम त्यांच्याकडे आलं, आणि रानड्यांच्या कडक नजरेखाली सरकारी अहवाल, अर्थसंकल्प, जमाखर्चाची कोष्टकं वाचून त्यांतून प्रश्न काढायचं शिक्षण सुरू झालं. त्या शिक्षणाचं फळ १८९७ साली, हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढच्या साक्षीत दिसलं. गोखले तेव्हा तिशीचे होते. पुढे १९०२च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीलाच हात घातला. शिल्लक म्हणजे भरभराट, असं सरकार सांगत होतं. गोखल्यांनी दाखवलं, की रुपयाचा विनिमय दर वर गेल्यामुळे इंग्लंडला पौंडांत पाठवायच्या रकमांचं सरकारवरचं ओझं हलकं झालं होतं, कर मात्र चढेच ठेवले होते. लोकांच्या हलाखीच्या काळात साठलेली ही शिल्लक लोकांच्या संपन्नतेचा पुरावा ठरू शकत नाही. असा युक्तिवाद उभा राहायला पंधरा वर्षं लागली हे खरं. पण त्या पंधरा वर्षांची सुरुवात कुठल्या वयात झाली? शिष्याला पुरेसा अनुभव येऊ दे म्हणून रानडे थांबले असते तर?

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा अनुभवाचाच आहे. धोरण कागदावर जन्मतं आणि कचेरीत मरतं. कचेरी न पाहिलेल्या मुलाला ते कसं कळणार? यात तथ्य आहे आणि ते मी पूर्ण मान्य करतो. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात बेरोजगार अल्पसंख्याकांसाठी सुमारे ३,००० नोकऱ्या निर्माण करायची योजना आखली. सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर त्यासाठी ठरले. उघड विरोध कुणाचाच नव्हता, पैसा होता, हेतू चांगला होता. तीन वर्षांनी पाहिलं तर नोकऱ्या अगदी मोजक्या. जेफ्री प्रेसमन आणि एरन विल्डाव्स्की या अभ्यासकांनी हा गुंता उलगडला तेव्हा दिसलं, की कुणी घात केलेला नव्हता. निर्णयाचे टप्पे इतके होते आणि त्या टप्प्यांवर इतक्या वेगवेगळ्या कचेऱ्यांची संमती लागत होती, की काम पुढे सरकणं हेच नवल. त्यांच्या मोजणीत अशा ७० संमती भरल्या. आता साधं गणित करू. प्रत्येक संमती मिळण्याची शक्यता ९५ टक्के धरली, म्हणजे प्रत्येक दारात जवळजवळ होकारच आहे असं समजलं, तरी सत्तरच्या सत्तर मिळण्याची शक्यता ३ टक्क्यांच्याही खाली येते. हे गणित शाळा संपवून आलेल्या मुलाला येतं. कचेरीत वीस वर्षं काढलेला अधिकारी ज्याला ‘सिस्टिमच तशी आहे’ म्हणून सोडून देतो, ते वर्गात तासाभरात उलगडून दाखवता येतं. कळलं म्हणजे भोगलं असं नाही. पण पुढे भोगताना ते ओळखू येईल. अनुभवाचा अर्थ लावायची चौकट हाती असेल तर अनुभव शिकवतो, नसेल तर तोच अनुभव माणसाला नुसता निबर करतो.

आणि अनुभव नेहमी खरंच सांगतो, हे तरी कुठे खरं आहे? न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात एक कार्यक्रम सुरू झाला. वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात नेत आणि जन्मठेपेचे कैदी त्यांना तिथल्या आयुष्याची भीती घालत. न्यायाधीश, पोलीस, तुरुंगाधिकारी, पालक, सगळ्यांना तो पटला. गुन्हेगारीचा यांच्याइतका अनुभव आणखी कुणाला असणार? कार्यक्रमाची कीर्ती पसरली, इतर राज्यांनी तो उचलला. मग जेम्स फिंकेनॉवर या अभ्यासकांनी तुरुंगात नेलेल्या मुलांची न नेलेल्या मुलांशी तुलना केली. नेलेल्या मुलांची पुढची वाटचाल जास्त वाईट निघाली. नंतरच्या काळात, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हाही निष्कर्ष तोच आला: अशा कार्यक्रमाने गुन्हे घटत नाहीत, उलट वाढण्याचा संभव असतो. अनुभवी माणसं खोटं बोलत नव्हती. घाबरलेली मुलं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांतली काही पुढे सुधारल्याचंही पाहिलं होतं. पण तुरुंगाचं दार न पाहताही तितकीच किंवा जास्त मुलं सुधारतात, हे त्यांना दिसणारच नव्हतं, कारण ती मुलं त्यांच्यासमोर कधी आलीच नाहीत. ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न अनुभवातून सुचत नाही. तो शिकवावा लागतो, आणि वीस वर्षांच्या अनुभवाची खात्री मनात घट्ट बसण्याआधी शिकवला तर जास्त बरं.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. धोरणाच्या पदवीत थोडं अर्थशास्त्र, थोडं संख्याशास्त्र, थोडं राज्यशास्त्र, नावापुरतं नीतिशास्त्र; शेवटी धड कशातच नाही. अशी मुलं कुठल्याही विषयावर ठामपणे तीस स्लाइडचं सादरीकरण करतात आणि त्यातलं एकही गृहीतक त्यांना तपासता येत नाही. हे चित्र खोटं नाही. वरवरचं ज्ञान अज्ञानापेक्षा घातक ठरू शकतं, कारण ज्याला काहीच माहीत नाही तो निदान विचारतो. म्हणून माझी एक अट आहे: धोरण-विश्लेषणाच्या विद्यार्थ्याने एक मूळ विषय पूर्ण खोलीने शिकलाच पाहिजे. तो अर्थशास्त्रच असावा असं नाही. जलविज्ञान, आरोग्य, इतिहास, स्थापत्य, काहीही चालेल. एका विषयाचा तळ पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या विषयात आपण अजून काठावरच आहोत, याची जाणीव राहते.

पण या आक्षेपातून ‘म्हणून आधी फक्त एकच विषय’ असा निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेला प्रयोग पाहा. ७९ शाळांतल्या ११ हजारांहून अधिक मुलांना चिठ्ठ्या टाकून लहान आणि नेहमीच्या आकाराच्या वर्गांत वाटलं होतं. लहान वर्गात १३ ते १७ मुलं, नेहमीच्या वर्गात २२ ते २५. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली; गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. काम चोख होतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा निष्कर्षांचा हवाला देत राज्यभर खालच्या इयत्तांचे वर्ग २० मुलांवर आणायला घेतले. एकाच वेळी हजारो नवे शिक्षक लागले, आणि तेवढे पात्र शिक्षक नव्हते. पात्रता पूर्ण न केलेल्यांच्या हाती वर्ग गेले. सुस्थितीतल्या भागांत नव्या जागा निघाल्या तसे गरीब वस्त्यांतल्या शाळांतले अनुभवी शिक्षक तिकडे वळले. लहान वर्गाची गरज ज्या मुलांना सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला कच्चे शिक्षक आले. टेनेसीइतका स्पष्ट लाभ काही दिसला नाही. चूक कुठल्या शास्त्राची? प्रयोग बरोबरच होता. एकदम इतके शिक्षक कुठून येणार, हे विचारणं अर्थशास्त्राचं काम. कुठल्या शाळांतून ते ओढले जातील, हे समाजशास्त्राचं. सगळं एका वर्षात उरकायची घाई का, हे राज्यशास्त्राचं. प्रश्न या तिघांच्या मधल्या जागेत होता. त्या मधल्या जागेत उभं राहून पाहणं म्हणजे धोरण-विश्लेषण. त्याचाही सराव लागतो, आणि तरुण वयातली सगळी वर्षं एकाच विषयाच्या भिंतीआड काढलेल्या माणसाला पंचविशीत तो सराव जड जातो. तोवर त्याला प्रत्येक प्रश्न आपल्याच विषयाचा दिसायला लागलेला असतो.

मधल्या जागेतून पाहिलं की अडचणीची व्याख्याच कशी बदलते, हे दाखवायला मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ सालचा निबंध वर्गात ठेवीन. विषय होता भारतातल्या लहान शेतजमिनी. त्या काळी सगळा भर तुकड्यांवर होता: तुकडे एकत्र करा, वाटण्या रोखा, शेती सुधारेल. आंबेडकरांनी विचारलं, जमीन लहान की मोठी हे ठरवायचं कशावरून? नुसत्या क्षेत्रफळावरून ते ठरत नाही. त्या जमिनीवर किती श्रम आणि किती भांडवल लागतं, या प्रमाणावरून ठरतं. भांडवल अपुरं आणि जमिनीवर विसंबून असलेली माणसं गरजेपेक्षा जास्त, हे खरं दुखणं. तेव्हा उपाय शोधायचा तो उद्योगधंद्यांच्या वाढीत. आंबेडकरांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सगळ्यांनी मान्य केलेला प्रश्नच चुकीचा मांडला आहे, असं पुराव्यानिशी म्हणायचं धाडस शिकवता येतं का? निदान ते कसं केलं गेलं, हे ओळीओळीने दाखवता येतं.

लोकांच्या वागण्याचा प्रश्नही असाच. दोन शहरं शेजारी ठेवली की तो स्पष्ट होतो. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये हवा शुद्ध व्हावी म्हणून नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार प्रत्येक गाडीला आठवड्यातल्या एका कामाच्या दिवशी बंदी केली. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात सकाळच्या गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं. मेक्सिको सिटीत अनेकांनी दुसरी गाडी घेतली, बरेचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. लुकस डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी पुढे हवेच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुधारणेचा पुरावा सापडला नाही. सिंगापुरात त्या वेळेतली वाहतूक ४० टक्क्यांहून जास्त घटली. इथेच थांबलेला विद्यार्थी ‘बंदी वाईट, शुल्क चांगलं’ एवढाच धडा घेईल, आणि तो अर्धवट आहे. सिंगापुरातही लोकांनी वाटा काढल्याच. शुल्काची वेळ सुरू होण्याआधी आणि संपल्यावर गर्दी होऊ लागली, गाड्या बाहेरच्या रस्त्यांवर वळल्या, संध्याकाळची गर्दी अपेक्षेइतकी हटेना म्हणून १९८९ मध्ये संध्याकाळीही शुल्क लावावं लागलं. शिवाय ज्याला परवडतं त्याला मोकळा रस्ता आणि बाकीच्यांना बस, हे न्याय्य आहे का? बस वेळेवर येणारी असेल तर उत्तर एक, नसेल तर दुसरं. यातलं कोणतं वाक्य अठराव्या वर्षी कळण्यासारखं नाही?

तिसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, धोरण म्हणजे मूल्यांचा झगडा आणि तुम्ही त्याचं कोष्टक करता. मुलांच्या तोंडी खर्च-लाभाची भाषा बसली की अन्यायाला ती ‘अकार्यक्षमता’ म्हणू लागतात आणि लोकशाही त्यांना अडथळा वाटू लागते. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. मॅकनमारांच्या त्याच हिशेबी खात्याने व्हिएतनामच्या युद्धातली प्रगती मोजली ती शत्रूच्या मृतदेहांच्या संख्येवरून. आकडा फुगत राहिला आणि युद्ध हातचं गेलं. जॉन्सन यांनी लागू केलेली अर्थसंकल्पाची पद्धतही १९७१ मध्ये गुंडाळावी लागली. पण याच कथेचा एक धागा सहसा सांगितला जात नाही. या पद्धतीवर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत विल्डाव्स्की होते, आणि बर्कलीच्या धोरणशाळेचे पहिले प्रमुखही तेच. आकड्यांच्या उद्दामपणाला कंटाळून त्यांनी विषय सोडला नाही, तो नीट शिकवायला घेतला.

आणि आकड्यांची, खर्चाची, लाभाची भाषा सत्ताधाऱ्यांचीच असते, हे कुणी ठरवलं? १८८२ साली, शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हिशेबच मांडला: सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा ओघ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे त्या काळचं अधिकृत गृहीतक. फुल्यांनी त्यालाच हात घातला. शिकून मोठ्या झालेल्या वर्गाने बहुजनांच्या शिक्षणासाठी काय केलं, ते दाखवा. मग पर्याय मांडला, तोही तपशिलासह: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना पगार बरा द्यावा, शिकवण्यात शेतीची आणि आरोग्याची माहिती असावी. अडचण कोणती, पैसा कुणाचा, लाभ कुणाला, गृहीतकाला पुरावा काय, राबवणार कोण: आज धोरणाच्या वर्गात जे शिकवायचं ते सगळं त्या निवेदनात आहे, आणि ते लिहिणाऱ्याच्या मनातली न्यायाची तळमळ ओळीओळीतून जाणवते. हिशेब मांडल्याने फुल्यांचा संताप बोथट झाला का? त्याला उत्तर देणं सरकारला अवघड झालं. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विश्लेषणाकडे पाठ फिरवली, तर ते फक्त दुसऱ्या बाजूच्या हाती राहील. आक्षेपकांचा एक आग्रह मात्र मला शिरोधार्य वाटतो. न्याय, स्वातंत्र्य, माणसाची प्रतिष्ठा यांवरची चर्चा शेवटच्या सत्रातल्या ऐच्छिक पेपरात ढकलून दिली असेल, तर तसली धोरणाची पदवी नसलेलीच बरी.

समर्थकांशीही माझा वाद आहे, पण तो थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ‘या पदवीने नोकरी मिळते’ हे कारण पुढे केलं की अभ्यासक्रमही नोकरीच्या जाहिरातीसारखा दिसू लागतो: एक-दोन सॉफ्टवेअर, आलेख काढायचं तंत्र, सादरीकरणाची सफाई. कोणता आकडा गोळाच केला गेला नाही आणि का, हे विचारणं त्या सगळ्यापेक्षा कठीण आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीच्या वाट्याला सुरुवातीची वर्षं पाहणीच्या प्रश्नावल्या तपासणं, अहवालांचे सारांश काढणं, टिपणांचे कच्चे मसुदे लिहिणं हेच काम येतं. ते हलकं काम नाही. पण प्रवेश घेताना तिला सत्तेच्या दालनांची स्वप्नं दाखवली असतील तर ती कडवट होणारच. आणि विषयाचं मोल नोकऱ्यांवर ठरवलं, तर नोकऱ्या आटल्यावर विषयही बंद करणार का?

खरं तर सगळं ठरतं ते शिकवण्याच्या पद्धतीवर. समस्या, पर्याय, निवड, अंमलबजावणी, मूल्यमापन अशा चक्राच्या आकृत्या घोकून घेतल्या, तर विरोधकांचं प्रत्येक म्हणणं खरं ठरेल. पहिल्या वर्षी एखादा छोटा, खरा निर्णय घ्यावा: ग्रंथालय रात्रभर उघडं ठेवायचं का, विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत करायचा का, एखादा दाखला फक्त ऑनलाइन द्यायचा का. त्यावर दोन पानी टिपण लिहायचं. दोनच पानं, कारण निर्णय घेणाऱ्याला वेळ नसतो आणि लिहिणाऱ्याला शब्दांआड लपायला जागा उरत नाही. टिपणात ‘काहीच न करणं’ हा पर्यायही गांभीर्याने तपासायचा. मग त्याच विद्यार्थ्याने नेमकी उलट शिफारस करणारं दुसरं टिपण लिहायचं, आणि ते पहिल्याइतकंच पटण्याजोगं नसेल तर गुण कापायचे. असा वर्ग एखाद्या पक्षाचा किंवा विचारसरणीचा अड्डा होईल, ही भीती अनेकांना वाटते. तिच्यावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी खिडकीकडे जायचं. शिक्षक, पोलीस शिपाई, मदतीचे अर्ज तपासणारा कर्मचारी यांचे रोजचे छोटे निर्णय म्हणजेच लोकांच्या वाट्याला येणारं धोरण, ही मायकेल लिप्स्की या राज्यशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये केलेली मांडणी आहे. विद्यार्थ्याने एका अर्जाचा प्रवास पहिल्या खिडकीपासून शेवटच्या सहीपर्यंत लिहून काढावा. कुठे किती वेळ गेला, कुणाला परत पाठवलं, कोणत्या कागदासाठी, आणि पात्र असून ज्यांनी अर्जच केला नाही ते कोण. हा शेवटचा प्रश्न विसरला जातो, कारण ती माणसं कुठल्याच नोंदवहीत नसतात. अशा कामात आणखी एक जपायला हवं. प्रश्नावली घेऊन वस्तीत शिरायचं, लोकांचा दिवस मोडायचा आणि परत तोंड दाखवायचं नाही, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. आधी त्यांची संमती घ्यावी, त्यांच्या सोयीच्या वेळी जावं आणि निष्कर्ष काढल्यावर परत जाऊन ते त्यांना ऐकवावेत. ‘तुम्ही चुकीचं समजलात’ असं त्यांनी म्हटलं, तर तेही टिपणात यावं.

उरतो शिक्षकांचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. हा विषय एकट्याने पेलू शकेल असा प्राध्यापक क्वचितच सापडतो. म्हणून घाईघाईने नवा विभाग उघडायचा आणि जागा भरायच्या, याला माझा विरोध आहे. कॅलिफोर्नियाने लहान वर्गांचं जे केलं तेच आपण या विषयाचं करून बसू. आधी सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी एकच सामाईक पेपर असावा. दोन वेगळ्या विभागांच्या शिक्षकांनी तो एकाच वर्गात, एकाच वेळी उभं राहून, गरज पडली तर विद्यार्थ्यांसमोर वाद घालत शिकवावा. निवृत्त अधिकारी, अभियंते, आरोग्यसेविका यांना बोलवावं ते त्यांची फसलेली योजना उलगडून सांगायला. यशाच्या कथा सांगणारे पाहुणे हवे तितके मिळतात. असे काही शिक्षक हाताशी आले की मग पूर्ण पदवी सुरू करावी, तीही एखाद्या मूळ विषयाला जोडूनच. आणि हा पेपर उपयोगाचा आहे की नाही, हे माझ्या किंवा विरोधकांच्या शब्दावर ठरू नये. पहिल्या वर्षी तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या तुकड्यांनाच द्यावा. वर्षअखेरीस सगळ्या तुकड्यांपुढे कुणीच न पाहिलेली एक योजना ठेवावी आणि कोणी तिला कोणते प्रश्न विचारले ते तपासावं. तपासणाऱ्याला कोणता कागद कुठल्या तुकडीचा हे माहीत नसावं. फरक दिसला नाही, तर पेपर बदलावा आणि पुन्हा मोजावं.